बाहीवरची वीज आणि चित्राखालची ओळ

दुसऱ्या महायुद्धातील गणवेशधारी जर्मन स्त्रियांची छायाचित्रे आज ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरून, साप्ताहिकांच्या पानांवरून आणि हातोहाती फिरणाऱ्या भ्रमणध्वनींवरून ज्या विपुलतेने आपल्यासमोर येतात, त्या मानाने त्यांच्याखाली छापलेल्या मजकुराची खातरजमा करण्याची तसदी फारच थोडी माणसे घेतात, ही गोष्ट मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आली आहे. करडा कोट, तिरपी टोपी आणि छातीवर पंख पसरलेला गरुड एवढे नजरेस पडले की, ती स्त्री ‘नाझी अधिकारी’ किंवा ‘छळछावणीतील पहारेकरीण’ म्हणून जाहीर होऊन जाते; मग ती वस्तुतः पॅरिसच्या टेलिफोन केंद्रात तारा जोडणारी असो, ट्रामगाडीत तिकिटे देणारी असो, की रेल्वे फलाटावर जखमी सैनिकांना चहा पाजणारी असो. आणि याच्या नेमके उलटही घडते. खरोखरीच जिच्या हातून कैद्यांवर चाबूक उगारला गेला, तिचे चित्र केवळ तिच्या अंगावर भयप्रद असे चिन्ह दिसत नाही म्हणून ‘युद्धकाळातील परिचारिका’ या सौम्य शीर्षकाखाली छापून निघते. या दोन्ही चुका मला सारख्याच गंभीर वाटतात, कारण पहिलीने निरपराध माणसावर आळ येतो, तर दुसरीने अपराध्याची सुटका होते.

या स्त्रियांची संख्या लहानसहान नव्हती. वेरमाख्ट म्हणजे जर्मन सशस्त्र दलांच्या दिमतीस युद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे पाच लाख स्त्रिया मदतनीस म्हणून आलेल्या होत्या, असे इतिहासकार मानतात. स्त्रीचे स्थान घरात आणि पाळण्यापाशी, असा डांगोरा पिटणाऱ्या राजवटीला फ्रान्स पादाक्रांत केल्यावर कळून चुकले की, जिंकलेल्या मुलखाचा कारभार चालवायचा तर टेलिफोन, दूरमुद्रक आणि टंकयंत्रे यांच्यापुढे बसावयास माणसे हवीत, आणि पुरुष तर आघाडीवर हवे आहेत. यातूनच १ ऑक्टोबर १९४० रोजी सैन्याच्या संदेशसेविकांचे, जर्मन भाषेत ‘नाखरिश्टनहेल्फरिनेन’ यांचे, दल उभे राहिले व गीसेन येथे त्यांच्या शिक्षणाची सोय झाली. पुढे कार्यालयीन कामासाठी स्टाफसेविका आल्या, विमानदलाच्या आणि आरमाराच्या सेविका आल्या, आणि नोव्हेंबर १९४४ च्या अखेरीस एका हुकुमान्वये या साऱ्यांचे एकच दल करण्यात आले. कायद्याच्या दृष्टीने त्या सैनिक नव्हत्या. सैन्याचा परिवार, त्याच्या पाठोपाठ चालणारा नोकरवर्ग, एवढाच त्यांचा दर्जा होता, आणि शस्त्र हाती धरण्याची त्यांना युद्धाच्या अगदी अंतिम काळापर्यंत परवानगी नव्हती. ही कायदेशीर स्थिती गणवेशातही प्रतिबिंबित झालेली दिसते. सैनिकाचा हुद्दा खांद्यावरच्या पट्टीवरून कळतो. संदेशसेविकेच्या खांद्यावर ती पट्टीच नाही. तिचे तारतम्य बाहीवरच्या पट्ट्यांवरून, टोपीच्या किनारीवरून आणि गळ्याशी लावलेल्या ब्रोचवरून ठरवावे लागते.

त्या ब्रोचविषयी व तिच्याशी संबंधित खुणांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. सैन्याच्या संदेशसेविकेचा कोट करड्या रंगाचा व दुहेरी बटणपट्टीचा असे; त्याच्या डाव्या दंडावर आणि टोपीच्या डाव्या बाजूस पिवळ्या धाग्याने काढलेली विजेची एक नागमोडी रेघ असे, आणि टायच्या गाठीवर काळ्या मिनाकामावर तीच वीज कोरलेली ब्रोच. लिंबासारखा पिवळा रंग हा जर्मन सैन्याच्या संदेशखात्याचा रंग. तोच टोपीच्या कडेला बारीक किनारीच्या रूपाने येतो. विजेच्या या चिन्हावरूनच जर्मन लोक त्यांना ‘ब्लिट्झमेडेल’, वीजकन्या, म्हणू लागले, आणि जिंकल्या गेलेल्या फ्रेंचांनी त्यांच्या कोटाच्या रंगावरून त्यांना ‘करड्या उंदिरी’ असे नाव ठेवले. विमानदलाच्या सेविकेचा वेष निळसर करडा. तिच्या छातीवरचा गरुड सैन्याच्या गरुडाप्रमाणे दोन्ही पंख सरळ पसरून स्थिर बसलेला नसतो, तो झेप घेण्याच्या पवित्र्यात असतो. श्रमसेवेतील मुलीच्या गळ्याशी वर्तुळाकार ब्रोच असते व तीत स्वस्तिकाच्या जोडीला धान्याच्या दोन लोंब्या दिसतात. ‘बुंड डॉइचर मेडेल’ या मुलींच्या संघटनेची सभासद पांढऱ्या ब्लाऊजवर काळा रुमाल चामड्याच्या गाठीत ओवून घालते आणि तिच्या बाहीवर प्रदेशाचे नाव लिहिलेला काळा त्रिकोण असतो. जर्मन रेडक्रॉसची सेविका तर सर्वांत अधिक गोंधळात टाकणारी, कारण त्या काळी त्या संस्थेचे बोधचिन्हच पालटून, छातीवर स्वस्तिक धारण केलेला आणि पंजात लाल क्रॉस धरलेला काळा गरुड असे करण्यात आले होते. गरुड आणि स्वस्तिक पाहून घाईने निर्णय देणारा माणूस तो पंजातला क्रॉस पाहातच नाही.

आता कोणी म्हणेल की, एवढ्या खुणा पाठ केल्या म्हणजे काम झाले. तसे ते होत नाही, आणि याचे पहिले कारण खुद्द छायाचित्रणाच्या तंत्रातच आहे. कृष्णधवल चित्रात पिवळा रंग कसा उमटेल, हे वापरलेल्या फिल्मवर अवलंबून असते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी असते व पिवळ्यालाही पुरता न्याय देत नाही, त्यामुळे संदेशसेविकेची लिंबूरंगी किनार तीत काळपट दिसते, आणि निळसर करडा कोट मात्र प्रत्यक्षाहून फिका उमटतो. उलट पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच पिवळा उजळ दिसतो. तेव्हा ‘या टोपीची किनार काळी आहे, सबब ही अमुक खात्याची’ असे अनुमान करणाराने फिल्मची जात आधी विचारात घ्यावयास हवी. दुसरी अडचण उलट्या छपाईची. निगेटिव्ह पालथी पडली की डावे उजवे होते आणि उजवे डावे. सैन्याचा गरुड उजव्या छातीवर असतो, एस्.एस्. या नाझी निमलष्करी संघटनेचा डाव्या दंडावर. चित्र उलटे छापले गेले असेल तर हा सगळाच हिशेब चुकतो. अशा वेळी कोटाच्या बटणांचा फार उपयोग होतो. स्त्रीच्या कोटाची उजवी बाजू डावीवर येते, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर. ज्या चित्रात शेजारी उभ्या असलेल्या सैनिकाचा कोट बायकी पद्धतीने मिटलेला दिसतो, ते चित्र उलटे आहे, असे बेधडक समजावे. मागे दुकानाची पाटी किंवा गाडीचा क्रमांक असेल तर मग शंकेला जागाच उरत नाही.

चित्राची मागील बाजू ही त्याच्या पुढच्या बाजूइतकीच बोलकी असते, हे संग्राहकांच्या गर्दीत नेहमी विसरले जाते. कागदाच्या उत्पादकाचा छाप, स्टुडिओचा शिक्का, सैनिकी टपालाचा क्रमांक आणि शाईने लिहिलेल्या दोन ओळी यांच्यावरून जे कळते ते बिल्ल्यावरून कळत नाही. पण या ओळी पुष्कळदा जुन्या जर्मन वळणाच्या कुर्रेंट लिपीत असतात. ती लिपी १९४१ साली त्याच राजवटीने शाळांतून हद्दपार केली, आणि आज खुद्द जर्मनीतल्या तरुण माणसालाही ती सहजासहजी वाचता येत नाही. मोडी दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे दुःख नवे वाटणार नाही: कागद हाती आहे, अक्षर सुवाच्य आहे, आणि तरीही वाचणारा नाही म्हणून दाखला मुका राहतो.

छायाचित्रकार कोण होता, हा प्रश्नही टाळता येत नाही. कोब्लेंझ येथील जर्मन संघराज्याच्या चित्रसंग्रहात जी प्रसिद्ध चित्रे आहेत, त्यांपैकी पुष्कळशी सैन्याच्या प्रचार-तुकड्यांतील छायाचित्रकारांनी काढलेली आहेत; त्यांतल्या सेविका हसतमुख, नीटनेटक्या आणि बहुधा एका रांगेत चाललेल्या दिसतात, कारण त्या तशा दिसाव्यात यासाठीच ते चित्र काढले गेले होते. या संग्रहाने २००८ च्या डिसेंबरात ८०,००० च्या वर चित्रे सार्वजनिक उपयोगासाठी खुली केली, तेव्हा मूळ मजकूर तसाच ठेवला, पण तो चुकीचा, पक्षपाती किंवा कालबाह्य असू शकतो अशी स्पष्ट सूचनाही सोबत जोडली. ती सूचना आता अनेक ठिकाणी गळून पडली आहे आणि प्रचारखात्याने लिहिलेली ओळ मात्र इतिहासाचे विधान म्हणून पुनःपुन्हा छापली जात आहे, याची मला खंत वाटते.

परंतु या सर्व बारकाव्यांचे खरे मोल कळते ते छावण्यांच्या छायाचित्रांपाशी आल्यावर. अमेरिकेतील वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयाने सप्टेंबर २००७ मध्ये एक अल्बम जगापुढे ठेवला. युद्धसमाप्तीनंतर फ्रँकफुर्ट येथे एका अमेरिकन अधिकाऱ्याला सापडलेला व साठ वर्षे त्याच्यापाशी राहिलेला हा अल्बम ऑशविट्झचा कमांडंट रिखार्ड बेअर याचा सहायक कार्ल ह्योकर याचा होता. त्यातील ११६ चित्रांत छावणीच्या कुप्रसिद्ध अधिकाऱ्यांपैकी मेंगेले आहे, ह्योस आहे, क्रामर आहे. आणि छावणीपासून सुमारे तीस किलोमीटरवर सोलाहुटे नावाच्या विश्रामस्थानी, लोकरी स्कर्ट व सुती ब्लाऊज घातलेल्या तरुण मुली लाकडी कठड्यावर ओळीने बसून ब्लूबेरी खात आहेत, ह्योकर त्यांना वाट्या देत आहे आणि एक इसम अकॉर्डियन वाजवीत आहे, अशीही चित्रमालिका आहे. तारीख २२ जुलै १९४४. त्या वर्षीच्या मेच्या मध्यापासून जुलैच्या प्रारंभापर्यंत हंगेरीतून सव्वाचार लाखांहून अधिक ज्यू गाड्यांत कोंबून पाठविले गेले होते, आणि त्यांपैकी बहुतेकांचा शेवट याच छावणीत झाला होता.

या मुली कोण? चित्र प्रथम पाहणारा प्रत्येक माणूस त्यांना पहारेकरणी समजतो. त्या पहारेकरणी नव्हत्या. त्या एस्.एस्. च्या संदेशसेविका होत्या. छावणीचे टेलिफोन, दूरमुद्रक आणि बिनतारी यंत्रे त्या चालवीत. अशा सेविकांची निवड करून त्यांना आल्सासमधील ओबेरनाय येथे १९४२ पासून शिक्षण दिले जाई. त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशावर काळ्या लंबवर्तुळात एस्.एस्. ची जोडवीज, डोक्यावर काळी टोपी आणि दंडावर गरुड असे. त्या संघटनेच्या अधिकृत घटक होत्या. याच्या उलट, ज्यांच्या ताब्यात कैदी स्त्रिया होत्या त्या ‘आउफ्झेएरिन’, म्हणजे पहारेकरणी, कायद्याने एस्.एस्. च्या सभासद नव्हत्याच. त्यांचा समावेश केवळ ‘गेफोल्गे’ या परिवारात, नोकरवर्गात, होत असे. बर्लिनच्या उत्तरेस १९३९ साली उघडलेल्या रावेन्सब्रुकच्या स्त्रियांच्या छावणीत त्यांतल्या बहुसंख्यांना तयार करण्यात आले, आणि एकंदर सुमारे साडेतीन हजार स्त्रियांनी हे काम केले असे मानले जाते. त्यांचा करडा कोट, स्कर्ट, बूट आणि टोपी हा वेष दिसावयास साधासुधा, आणि त्यावर एस्.एस्. ची जोडवीज नाही.

या ठिकाणी थांबून विचार करावा, अशी माझी वाचकाला कळकळीची विनंती आहे. जिच्या छातीवर जोडवीज आहे ती यंत्रापुढे बसून संदेश घेत होती, आणि जिने उपाशी, आजारी स्त्रियांना तासन्‌तास उभे करून मारले तिच्या छातीवर ती नाही. जो केवळ भयचिन्ह शोधीत चित्र पाहतो तो दुसरीला सोडून देतो. आणि जो ‘ती तर फक्त टेलिफोनवर होती’ एवढ्यावर पहिलीला निर्दोष ठरवितो, तोही सत्यापासून तितकाच दूर जातो. कारण येणाऱ्या गाड्यांची वर्दी कोणत्या तरी यंत्रावर येत होती, आणि त्या यंत्रापुढे कोणी तरी बसलेले होते. ब्लूबेरीच्या चित्रात कोट नाही, खिसा नाही, बिल्ला नाही. तेथे ओळख पटते ती अल्बमातील पानांचा क्रम, त्यांवरील हस्ताक्षर, तारीख, इतर चित्रांतील त्याच चेहऱ्यांचा गणवेश आणि छावणीचे कागदपत्र यांचा मुकाबला करून. संग्रहालयातील तज्ज्ञांनी हे काम चिकाटीने केले, आणि त्यामुळेच त्या चित्राला आज जो अर्थ आहे तो प्राप्त झाला. त्या मुलींना सरसकट पहारेकरणी म्हणून मोकळे झाले असते, तर मारेकऱ्यांभोवती किती मोठा, किती तरुण आणि किती सहजपणे हसणारा कारकुनी परिवार होता, ही अधिक भयंकर गोष्ट आपल्याला दिसलीच नसती.

कारकुनी जबाबदारीचा हा प्रश्न जर्मनीच्या न्यायालयांनी फार उशिरा हाती घेतला. श्टुटहोफ छावणीच्या कमांडंटच्या कार्यालयात टंकलेखिका असलेल्या एका स्त्रीला इत्सेहो येथील न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये, तिच्या वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, दहा हजारांहून अधिक हत्यांना साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवून दोन वर्षांची स्थगित शिक्षा दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. ती मुलकी नोकर होती. गणवेश आणि बिल्ले यांचा कितीही सूक्ष्म अभ्यास केला, तरी तो अभ्यास तिच्यापर्यंत पोचू शकला नसता. तेथे पगारपत्रक, हुकूम आणि साक्षीदारांच्या जबान्या यांनीच काम केले. म्हणून बिल्ला हा पुराव्याचा आरंभ आहे, एवढीच त्याची योग्यता मी मानतो. पण हा आरंभच चुकला तर पुढच्या साऱ्या पुराव्याला कसा कलंक लागतो, याचे एक उदाहरण विसरण्याजोगे नाही.

हॅम्बर्गच्या समाजसंशोधन संस्थेने मार्च १९९५ मध्ये जर्मन सैन्याच्या अत्याचारांविषयी एक प्रदर्शन उघडले आणि ते जर्मनी व ऑस्ट्रिया यांतील तीसहून अधिक शहरांतून फिरविले. सैन्याचे हात स्वच्छ होते, दुष्कृत्ये काय ती एस्.एस्. ने केली, या चार दशके जोपासलेल्या समजुतीवर तो मोठाच आघात होता, आणि म्हणूनच विरोधही कडवा झाला. मग बोग्दान मुसियाल आणि क्रिस्तियान उंगवारी या दोन इतिहासकारांनी दाखवून दिले की, काही चित्रांतील प्रेते सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारलेल्या कैद्यांची आहेत, आणि काही चित्रांतील गणवेश जर्मन नसून हंगेरियन किंवा फिनिश आहेत. नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रदर्शन बंद करावे लागले. तज्ज्ञांच्या समितीने एक वर्षाने अहवाल दिला: चौदाशेहून अधिक चित्रांपैकी वीसहून कमी चित्रे तेथे असावयास नको होती, लबाडी कोठेही नव्हती, आणि मूळ प्रतिपादन खरे होते. २००१ मध्ये सुधारलेले प्रदर्शन पुन्हा उघडले. पण मधल्या दोन वर्षांत, ज्यांना ते सत्य नको होते त्यांना वीसपेक्षाही कमी चित्रांनी केवढे बळ दिले! चार बटणे आणि एका टोपीचा आकार वेळीच तपासला असता, तर बळींच्या स्मृतीवर आलेला हा प्रसंग टळला असता. अत्याचार घडलेच नाहीत असे म्हणणारे लोक आपल्या प्रत्येक चुकीची वाट पाहत बसलेले असतात, आणि चुकीचा मजकूर छापणारा, त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, त्यांच्या हाती शस्त्र देतो.

या विद्येचे एक व्यापारी अंगही आहे, आणि त्याविषयी माझे मत कठोर आहे. विजेच्या रेघेच्या ब्रोचेस, बाहीवरच्या पट्ट्या आणि टोप्या यांचा जगभर मोठा बाजार चालतो. अस्सल वस्तूला किंमत येते म्हणून नकली वस्तू निर्माण होते, आणि नकली वस्तू अंगावर चढवून काढलेली नवी चित्रे जुनी म्हणून खपविली जातात. जर्मनीच्या दंडसंहितेने नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनास बंदी करून अध्ययन, कला आणि इतिहासलेखन यांना सवलत दिली आहे. ही सीमारेषा मला योग्य वाटते. बिल्ल्याच्या टाक्याटाक्याची चर्चा करणाऱ्या, पण तो बिल्ला लावून कोण कोठे बसले होते याविषयी यत्किंचितही कुतूहल न दाखविणाऱ्या जाणकारीला मी ज्ञान म्हणावयास तयार नाही.

मराठी वाचकाला या काळाचे आकर्षण जुने आहे. वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथाने या विषयाशी कित्येक पिढ्यांचा परिचय करून दिला, आणि आजही हिटलरविषयक पुस्तकांना आपल्याकडे ग्राहकांची वाण पडत नाही. म्हणूनच आपल्या संपादकांनी व प्रकाशकांनी एवढे तरी पथ्य पाळावे, अशी माझी मागणी आहे. चित्र कोणत्या संग्रहातून घेतले, त्याचा तेथील क्रमांक काय, हे मजकुरात यावे. मूळ ओळ प्रचारखात्याची असेल तर तसे नमूद व्हावे. चित्रात जे प्रत्यक्ष दिसते आणि ज्याचे केवळ अनुमान आहे, ती दोन विधाने वेगळी लिहिली जावीत. ‘डाव्या दंडावर विजेचे चिन्ह असलेली सैन्याची संदेशसेविका’ एवढे दिसत असेल तर तेवढेच लिहावे, आणि तिला छावणीत नेऊन उभे करू नये. सेविकेचे नाव माहीत नसेल तर ते कोरे राहू द्यावे. आणि एखाद्या वाचकाने बटणांची बाजू दाखवून चूक कळविली, तर ती दुरुस्ती दुसऱ्या दिवशीच्या अंकात, मूळ चित्राइतक्याच ठळकपणे छापावी.